डीप फ्रीझर किती कोळसा खातो, ते घरीच मोजा

रत्नागिरीजवळच्या मालगुंडात आमच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. मे महिन्याचं बिल बघून ह्यांनी विचारलं, "काय गो, वीज पितेस की काय?" तेव्हा मी मोजायला बसले.

मीटरवर बारीक अक्षरात १६०० किंवा ३२०० असा आकडा असतो. एका युनिटमागे तिथला लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फक्त फ्रीझर चालू ठेवा. कॉम्प्रेसर घुमायला लागला की मिनिटभर लुकलुक मोजा. पहिल्या खेपेला माझे २१ आले आणि मी फ्रीझरला यथेच्छ शिव्या घातल्या. नंतर कळलं, इन्व्हर्टर बंद करायचाच राहिला होता! दुसऱ्यांदा ८ आले. ८ गुणिले ६० म्हणजे ४८०. त्याला आमच्या मीटरच्या ३२०० ने भागलं की तासाला ०.१५ युनिट.

मग येता-जाता कान देऊन कॉम्प्रेसर किती वेळ चालतो ते वहीत टिपलं. दिवसाचे १६ तास भरले. रोजची २.४ युनिटं, महिन्याची ७२. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची, म्हणून युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. एकट्या फ्रीझरचे महिन्याला ५० किलो! आपल्या घरात आलेली वीज नेमकी कुठली ते तारेवर लिहिलेलं नसतं, पण आमच्या उत्तरेला जयगडला १२०० मेगावॅटचं केंद्र आहे, आणि तिथे परदेशातला कोळसा जहाजांतून येतो.

आता दुरुस्ती. झाकणात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर गेलं. चारी बाजू तपासा. आमचं बिजागरीकडचं गेलं होतं. बर्फ बोटभर चढला की फ्रीझर बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडू नका, आतली गॅसची नळी फुटते. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एवढं केल्यावर कॉम्प्रेसर ९ तासांवर आला, म्हणजे महिन्याची ४० युनिटं.

गीझरचं गणित सोपं आहे. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. बंबात नारळाची सोडणं जाळून ते वाचतं, धूर मात्र डोळ्यांत जातो.

शेवटचं काम नकोसं आहे, पण करा. फ्रीझरमधलं एकेक बाहेर काढून लिहा. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा आंबारस निघाला, फणसाचे गरे निघाले आणि तळाशी बासा माशाची पाकिटं, त्यांवर व्हिएतनामचं नाव. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदीमुळे आमच्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि जुलैतल्या पाहुण्याला बिनकाट्याचा मासा हवा असतो, म्हणून मीच आणलेली. पडवीतून समुद्र दिसतो आणि मी परदेशी मासा विकतच्या थंडीत जपत होते.

आता मेच्या उन्हात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आणि सुका बांगडा करून ठेवते. खाटेवर पसरून वर जुनी जाळी टाकायची, नाहीतर कावळे सोडत नाहीत. सोडे टणक होऊन एकमेकांवर वाजायला लागले की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. काही पाहुणे वासाने नाक मुरडतात. मुरडोत बापडे, पिठलं-भात आहेच.

पावसाळ्यात फ्रीझर बंदच असतो. बंद ठेवताना झाकण दोन बोटं उघडं राहू द्या, नाहीतर आत कुबट वास बसतो. आम्ही फटीत नारळाची करवंटी ठेवली आहे.