पांढऱ्या विटांचा ताजमहाल लावताना
लेगो या एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्यातला २०१७ सालचा ताजमहाल म्हणजे ५,९२३ तुकडे, आणि त्यातले बहुतेक पांढरे. म्हणून तुकडे रंगावर नाही, आकारावर निवडा. फोंड्याला चवथीच्या सुट्टीत आम्ही सुपं-ताटं घेऊनच बसलो: लांब पट्ट्या सुपात, बोटाच्या पेरावर मावतील असे बारीक तुकडे वाटीत. पिशव्यांवर क्रमांक असतात. एका क्रमांकाचं काम संपल्याशिवाय पुढची फोडू नका. चारही मिनार सारखेच. तिसऱ्यापाशी कंटाळा येतोच, तेव्हा तो मुलांच्या हाती द्या. घुमट मात्र स्वतः लावा. या संचातलं सगळ्यात देखणं काम तेच. खिडकीतल्या उन्हात ठेवलात तर पांढऱ्या विटा पिवळट पडतात. आणि पुस्तिका? आपल्याकडच्या पावसात तिला बुरशी धरते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.