स्त्रीरोग शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाल्यास हलगर्जीपणाचा दावा कसा करावा

गर्भाशयाच्या मुखाजवळून मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी) जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर अंतरावरून जाते, आणि आधीचे सिझेरियन झाले असेल तर मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेले असण्याची शक्यता असते. त्यामुळे गर्भाशयाची पिशवी काढताना निष्णात हातांकडूनही या अवयवांना इजा होऊ शकते. दावा करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट सर्वांत आधी स्वीकारावी, कारण निव्वळ इजा झाली म्हणून कोणतेही न्यायालय डॉक्टरला दोषी धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली कसोटी स्पष्ट केली आहे: त्या शाखेचा साधारण कौशल्य असलेला डॉक्टर त्या परिस्थितीत जी काळजी घेईल, ती घेतली गेली होती का?

म्हणून खरा प्रश्न बहुतेक वेळा इजेच्या क्षणाचा नसून तिच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाचा असतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी योनीमार्गातून सतत लघवी गळू लागली आणि रुग्णाला 'अंगावरून पांढरे जाते आहे, थांबेल' असे सांगून घरी पाठवले गेले. कुशीत दुखते आहे, ताप उतरत नाही, तरीही सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सुचवला गेला नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोट फुगत गेले आणि आतड्याला छिद्र पडल्याची शंकाही कोणी घेतली नाही, अशा ठिकाणी दाव्याला आधार मिळतो. इजा वेळेत ओळखून मूत्ररोगतज्ज्ञाला बोलावले गेले असेल आणि सगळे कागदावर असेल, तर दावा टिकणे अवघड आहे, हे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरा भक्कम आधार संमतीचा आहे. समीरा कोहली खटल्यात रुग्णेने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्वाळा दिला की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि सज्ञान स्त्री शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असेल तर नातेवाइकाची सही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया एवढाच त्याला अपवाद आहे. आपल्याकडे आजही नवऱ्याची किंवा सासूची सही पुरेशी समजली जाते, म्हणून संमतीपत्र नीट वाचावे: सही कोणाची आहे, कोणत्या भाषेतील मजकुरावर आहे, शस्त्रक्रियेचे नाव आधी लिहिलेले होते की जागा कोरी सोडली होती, आणि धोके व पर्यायी उपचार यांचा उल्लेख आहे का.

आता कागदांविषयी, कारण निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि आंतररुग्णाच्या (दाखल झालेल्या रुग्णाच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. तोंडी विनंती करू नये. तारखेसह लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पोच नाकारल्यास तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. संपूर्ण केसपेपर, संमतीपत्र, शस्त्रक्रियेची टिपणे, भुलेची नोंद, मॉप (शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरतात ते कापड) आणि उपकरणांच्या मोजणीची नोंद, परिचारिकांनी लिहिलेला ताप-नाडी-लघवीचा तक्ता, औषधांचा तक्ता, सर्व तपासण्यांचे अहवाल आणि पावत्या, अशी नावे घेऊन मागणी करावी. यातला परिचारिकांचा तक्ता लोक हमखास विसरतात. ताप केव्हा चढला आणि डॉक्टरला केव्हा कळवले हे तोच सांगतो. सरकारी रुग्णालयात हीच मागणी माहिती अधिकाराखालीही करता येते.

काढलेल्या गर्भाशयाचा पॅथॉलॉजी अहवालही आवर्जून मिळवावा. अहवालात काहीच दोष आढळला नाही, किंवा गर्भाशय तपासणीला पाठवलेच नाही, तर शस्त्रक्रियेची गरज होती का, हा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

कागद हाती आल्यावर घटनाक्रम तारीखवार लिहून काढावा आणि दुसऱ्या रुग्णालयात झालेल्या उपचारांची कागदपत्रे त्याला जोडावीत. दुरुस्तीची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने आत काय पाहिले, याची नोंद फार मोलाची ठरते. आपल्या सहकाऱ्याविरुद्ध मत द्यायला डॉक्टर कचरतात, परंतु स्वतःला जे दिसले ते डिस्चार्ज कार्डात सविस्तर लिहायला सहसा नकार देत नाहीत. तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव खटल्यात म्हटले आहे, तरीही मूत्रवाहिनीच्या इजेसारख्या तांत्रिक प्रश्नात ते असणेच हिताचे आहे. पोटात मॉप राहिल्याची गोष्ट वेगळी. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत असाच मॉप पोटात राहून एका बाळंतिणीचा मृत्यू झाला. त्या अच्युतराव खोडवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राज्य सरकारला जबाबदार धरले आणि ती घटनाच हलगर्जीपणाचा पुरावा मानली. त्या कुटुंबाला न्यायासाठी तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. विम्याने बिल भरले असले तरीही. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. उपचारासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाला अधिकार आहे, आणि ती ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मागितलेल्या भरपाईच्या आकड्याशी याचा संबंध नाही. वकील सक्तीचा नाही, परंतु या विषयात अनुभवी वकील घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी दावा करावा लागतो, आणि त्यापूर्वी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. हलगर्जीपणा उशिरा उघडकीस आला तर मुदत त्या दिवसापासून मोजता येऊ शकते, पण त्रास सहन करत बसणाऱ्याला ही सवलत मिळेलच असे नाही. गोव्यातील एका परिचारिकेच्या पोटात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर राहिलेला गॉज (जाळीदार कापडाचा तुकडा) नऊ वर्षांनी सापडला. इतकी वर्षे वेदना होत असताना तिने तपासणी करून घ्यायला हवी होती, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. उशीर झालाच असेल तर त्याची कारणे पुराव्यासह मांडून विलंबमाफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा.

तक्रारीत 'डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला' असे मोघम वाक्य उपयोगाचे नाही. कोणत्या तारखेला, कोणते लक्षण दिसत असताना, कोणती गोष्ट करायला हवी होती आणि ती झाली नाही, असे कागदाच्या पान क्रमांकासह लिहावे. भरपाईत दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, पुढील उपचार, मूल होण्याची शक्यता गमावणे आणि मानसिक यातना यांची स्वतंत्र मांडणी असावी. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे 'उत्पन्न नाही' असे लिहू नये. तिच्या श्रमाचे मूल्य मागावे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील तक्रारीने भरपाई मिळत नाही, मात्र डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते, आणि ती तक्रार ग्राहक आयोगातील प्रकरणासोबत चालू शकते. पोलिसांत जाण्याची घाई करू नये, कारण फौजदारी गुन्ह्यासाठी घोर हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करावे लागते, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.