स्कॉटलंडचे किल्ले, मठ आणि रणभूमी पाहताना या चुका टाळा

इन्व्हर्नेसला मुक्काम केला की बेत बहुधा असा ठरतो: सकाळी कलॉडनची रणभूमी, दुपारी आयलन डोनन किल्ला, संध्याकाळी ग्लेन्को. नकाशात सगळं वीतभर अंतरावर दिसतं. प्रत्यक्षात दिवस गाडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरता वेळ उरतो. दिवसाला एक मोठं ठिकाण आणि त्याच्या जवळपासचं एखादं, एवढंच धरा.

आयोनाला तर हा हिशेब हमखास चुकतो. सन ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने जिथे मठ उभारला, ते हे बेट. ओबनहून क्रेग्न्यूरला फेरीबोट, मग मल बेट ओलांडणारा सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता, आणि फिनाफोर्टहून पुन्हा छोटी बोट. पर्यटकांना गाडी आयोनावर नेता येत नाही, ती फिनाफोर्टलाच ठेवायची. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघा आणि तिथून उलटा हिशेब करा. जमलं तर एक रात्र तिकडेच राहा, बेटावरची संध्याकाळची शांतता धावपळीत हाती लागत नाही.

भारतीय वाहन परवाना स्कॉटलंडमध्ये वर्षभर चालतो आणि गाड्याही डावीकडूनच धावतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खेड्यांकडचे बरेच रस्ते एकाच गाडीपुरते रुंद आहेत. ठरावीक अंतरावर बाजू द्यायला जागा केलेली असते. ती डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तिथून वळसा घेईल. मागे गाडी आली तर तिलाही पुढे जाऊ द्या, गावकऱ्यांना कामं असतात. आणि फोटोसाठी तिथे गाडी कधीही लावू नका.

प्रवेशाच्या पासचाही घोळ होतो, कारण वास्तू सांभाळणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. अर्कर्ट आणि स्टर्लिंग किल्ले ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड’कडे, तर कलॉडन ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’कडे. एकाचा पास दुसरीकडे चालत नाही.

हिवाळ्यात अनेक वास्तू बंद असतात आणि डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. उन्हाळ्यात उजेड भरपूर, पण वारा पडला की मिज नावाची चावरी चिलटं घेरतात, तेव्हा डोक्यावर ओढायची जाळी सोबत ठेवा. दार बंद मिळालंच तर उघड्यावरची ठिकाणं गाठा: किलमार्टिन खोऱ्यातले उभे पाषाण, किंवा कलॉडनपासून दोनेक किलोमीटरवरची, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची क्लावाची दफनस्थळं. तिथला एकही दगड हलवू नका.

कलॉडनला मात्र एक गोष्ट मनाला फार लागते. १६ एप्रिल १७४६ ला इथे तासाभराच्या आत जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून लढणाऱ्यांचा, चुराडा झाला. त्यांच्यातल्या स्कॉटिश कुळांची नावं कोरलेले दगड १८८१ मध्ये बसवले, आणि त्यांच्याजवळचे गवताळ उंचवटे म्हणजे थडगी आहेत. लोक त्यांवर बसून डबे उघडतात. कृपा करून असं करू नका. माळावर फिरायला तिकीट लागत नाही, ते फक्त आतल्या प्रदर्शनाला. निळे झेंडे म्हणजे जॅकोबाइटांची फळी, लाल म्हणजे सरकारी सैन्याची. चिखलात चालतील असे बूट घाला आणि निळ्यापासून लालपर्यंत चालत जा. पाय रुतायला लागले की तोफांसमोर त्या दलदलीतून धावणं काय असेल, ते कळतं.