चहा जेवणापासून लांब ठेवा, भाकरीतलं लोह अंगाला लागेल

आटपाडी तालुक्यात अंगणवाडीचं काम करताना 'रक्त कमी आहे' हे मी रोज ऐकते. आणि ज्या घरात ऐकते, त्याच घरात बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, शेवग्याचा पाला सगळं असतं. ताटातलं लोह अंगाला लागत नाही, हे आमच्याकडचं खरं दुखणं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दोन्ही वेळच्या मिळून तीन चांगल्या भाकऱ्या झाल्या की बारा-तेरा मिलिग्रॅम पोटात गेलं. वर मटकीची उसळ नाहीतर हुलग्याचं माडगं असेल तर आणखी भर. पण धान्य, कडधान्य आणि पाल्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही, त्यातलं थोडंच रक्तापर्यंत पोचतं.

त्यात आडवा येतो चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. रानात भाकरी सोडली की लगेच किटली उघडते, ते थांबवा. चहा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, फक्त जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नको. सकाळची चहा-चपाती मात्र लहान पोरांना लावूच नका, हे मी हात जोडून सांगते. त्यांना चपातीबरोबर भाजी द्या, शेंगदाण्याची चटणी द्या.

मदतीला येतं ते 'क' जीवनसत्त्व. लिंबाची फोड ताटात हवीच, पण पिळायची वाढून झाल्यावर. उकळत्या आमटीत पिळली तर चव राहते, जीवनसत्त्व बरंचसं जातं. पेरू आणि आवळा यात लिंबाच्या कितीतरी पुढे आहेत. जेवणाबरोबर अर्धा पेरू खाल्ला तरी चालेल. चिंचेवर विसंबू नका. ती आंबट असली तरी हे जीवनसत्त्व तिच्यात नावालाच असतं.

कडधान्याला मोड आणाच. मटकी रात्री भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, थंडीत बांधलेली पुरचुंडी चुलीजवळ उबेला ठेवा. मोड येताना लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं आणि मुळात नसलेलं 'क' जीवनसत्त्व तयार होतं. एका कामात दोन फायदे, आणि पैसा लागत नाही.

पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यातच पीठ लावून पातळ भाजी करा. शेवग्याच्या पाल्याला फोडणीत थोडं तेल लागतंच, कारण त्यातलं 'अ' जीवनसत्त्व शरीराला मिळायला स्निग्ध पदार्थ लागतो.

आता डाळिंबाचं. आमचा भाग डाळिंबाचा, त्यामुळे रक्त वाढायला डाळिंब खा असं सगळे सांगतात. फळ चांगलंच आहे, पोरांना जरूर द्या, पण त्यात लोह फारच कमी. बिटाचंही तसंच. लाल रंगावर जाऊ नका. गुळाच्या खड्यानंही फार काही होत नाही. त्यापेक्षा अहळीव घ्या.

मटणातलं लोह शरीर सगळ्यात सहज घेतं. पण आमच्याकडे बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला रस्सा येतो. पाळीमुळे दर महिन्याला रक्त तिचंच जातं, तर फोडीही तिच्या ताटात आधी पडायला हव्यात. घरातल्या कर्त्या माणसांनी आणि सासवांनी हे मनावर घ्यावं. मटण न खाणाऱ्यांनी दूध-दही रोज ठेवावं, कारण रक्त तयार व्हायला लागणारं 'बी-१२' जीवनसत्त्व पालेभाजीत मिळत नाही.

जिना चढताना धाप लागते, डोळ्यांसमोर अंधारी येते, असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली गेलं की नुसत्या जेवणावर भागवू नका, डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्या. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. लोहाच्या गोळीनं संडासला काळं होतं. त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका.