निन्टेन्डोचे प्लॅटिनम पॉइंट: मुदत संपायच्या आत बक्षीस पदरात कसं पाडायचं

सगळ्यात आधी जुनी माहिती डोक्यातून काढा. ‘डिजिटल गेम घेतला की पाच टक्के गोल्ड पॉइंट परत’ असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरताहेत, पण खरेदीवर गोल्ड पॉइंट देणं निन्टेन्डोने मार्च २०२५ मध्येच थांबवलं. ‘माय निन्टेन्डो’ या कंपनीच्या बक्षीस योजनेत आता मिळवण्यासारखे उरलेत ते प्लॅटिनम पॉइंट. त्यांना पैसे पडत नाहीत, लक्ष मात्र द्यावं लागतं.

पॉइंट येतात छोट्या छोट्या मिशनमधून. वेबसाइटवर लॉगिन करणं, निन्टेन्डो अकाउंटला जोडलेले मोबाइल गेम खेळणं ही काही मिशनं. स्विच या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलवर होम स्क्रीनच्या खालच्या ओळीत लाल रंगाचं ‘निन्टेन्डो स्विच ऑनलाइन’चं चिन्ह आहे, त्यात ‘मिशन्स अँड रिवॉर्ड्स’ सापडेल. ऑनलाइन खेळणं, सेव्ह डेटाचा क्लाउड बॅकअप घेणं अशी कामं तिथे असतात. या भागासाठी स्विच ऑनलाइनची वर्गणी भरलेली हवी.

बहुतेकांचं इथेच चुकतं. मिशन पूर्ण झालं की पॉइंट आपोआप जमा होतील असं धरून चालू नका. मिशनच्या यादीत परत जाऊन ते घेण्याचं बटण दाबावं लागतं. आठवड्याचं मिशन त्या आठवड्यापुरतंच असतं; तो संपला आणि बटण दाबायचं राहिलं, तर मेहनत फुकट. ठरलेल्या वाराला एकदा स्विच आणि एकदा वेबसाइट उघडायची सवय लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा घोळ मुदतीचा. प्लॅटिनम पॉइंट सहा महिने टिकतात. शिल्लक दिसते एकच आकडा, पण आत दर महिन्याचे पॉइंट वेगळे मोजले जातात आणि आपापल्या तारखेला बाद होतात. म्हणून ‘हजार झाले की बघू’ हा बेत बऱ्याचदा फसतो: एकीकडे नवे येतात, दुसरीकडे जुने गळतात आणि आकडा तिथेच रेंगाळतो. वेबसाइटवर पॉइंटांच्या पानावर कुठले कधी संपणार ते दिसतं. महिनाअखेरीच्या आधी तेवढं पाहून घ्या.

संपत आलेले थोडेच असतील तर प्रोफाइलच्या आयकॉनवर खर्च करा. पात्राला १० पॉइंट, पार्श्वभूमीला ५, चौकटीला ५. म्हणजे २० पॉइंटांत पूर्ण आयकॉन. हे भाग ठरावीक काळच मिळतात, मग नवे लागतात. हवं ते पात्र दिसलं की लगेच घ्यावं. चौकट नंतर शोधता येते. वॉलपेपरवर मात्र पॉइंट घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

खरी ओढ असते ती हातात धरता येणाऱ्या वस्तूंची: कीचेन, कपड्याला-पिशवीला लावायच्या पिनांचे सेट, पोस्टर. त्यांना साधारण ४०० ते ८०० पॉइंट लागतात. वस्तू फुकट असली तरी शिपिंग आपल्या खिशातून जातं. एकाच कीचेनसाठी ते भरणं परवडत नाही. म्हणून दोन-तीन वस्तू एका ऑर्डरमध्ये बसवा. पण चांगला पिन सेट पाहता पाहता संपतो, तेव्हा तो बाकीच्या वस्तूंसाठी न थांबता लगेच घ्या. एका अकाउंटला एक वस्तू एकदाच मिळते. पॉइंट कापले गेले की लगेच चेकआउटपर्यंत जा, अर्धवट सोडू नका. दिलेले पॉइंट परत मिळतील ही आशा धरू नये.

अमेरिकेच्या स्टोअरमधल्या वस्तू अमेरिका-कॅनडाबाहेर जात नाहीत. एडिसनला किंवा बे एरियात राहणाऱ्या भाच्याने स्वतःच्या अकाउंटवरून घेऊन सुट्टीत आणाव्यात, हा पुण्या-मुंबईकरांसाठी सरळ मार्ग. पोस्टर असेल तर त्याला आधीच सांगा: घडी न घालता नळीत गुंडाळून आण.

आता ‘क्लब निन्टेन्डो’च्या, म्हणजे निन्टेन्डोच्या आधीच्या बक्षीस योजनेच्या, वस्तूंबद्दल. ती योजना २०१५ मध्ये बंद झाली. त्यामुळे ‘न वापरलेला कोड’ म्हणून कोणी गेमच्या डब्यातली पिन नंबरची चिठ्ठी जादा भावाने विकत असेल, तर तो निव्वळ कागद आहे.

सेकंडहँडमध्ये ‘गेम अँड वॉच: बॉल’ या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्राची क्लबवाली आवृत्ती मिळते. मूळ खेळ १९८० चा. क्लबच्या यंत्राच्या पाठीवर क्लब निन्टेन्डोचा लोगो असतो आणि आवाज बंद करायची सोय असते. मूळ यंत्रात दोन्ही नाहीत. लोगो असलेलं यंत्र कोणी १९८० चं म्हणून विकत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. घेण्याआधी ‘गेम बी’ लावून बघा. त्यात तीन चेंडू असतात, त्यामुळे पडद्यावरच्या बहुतेक जागा लवकर तपासून होतात. चेंडू वर जाताना मध्येच एका जागी दिसेनासा होत असेल, तर तिथला एलसीडीचा भाग गेलेला आहे. सेलचं झाकण उघडून पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर आहे का तेही पाहा. कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी धरते, म्हणून खोकं सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.

मारिओची हानाफुडा पानं (जपानी पत्ते) घेत असाल तर आधी मोजा: ४८ हवीत, बारा महिन्यांची प्रत्येकी चार. एक कमी असलं तरी डाव लागत नाही.