सिंटर केलेल्या स्टीलची वेअर टेस्ट कशी करायची, छिद्रांकडे लक्ष ठेवून

जळगाव, धुळे, भुसावळकडची मेकॅनिकलची पोरं प्रोजेक्टला पावडर मेटलर्जीचं (धातूची पावडर साच्यात दाबून, मग न वितळवता भट्टीत तापवून म्हणजे सिंटर करून घट्ट केलेलं) अलॉय स्टील घेतात आणि पिन-ऑन-डिस्क मशीनवर (फिरत्या चकतीवर पिन दाबून घासतात आणि किती झिजली ते बघतात) साध्या ईएन-८ स्टीलच्या पिनसारखीच टेस्ट लावून मोकळी होतात, पण भाऊ, हा माल वेगळा आहे. घट्ट स्टीलची डेन्सिटी ७.८५ च्या आसपास, दाबून सिंटर केलेल्याची साधारण ६.८ ते ७.२ ग्रॅम प्रति घन सेमी, म्हणजे आत दहाएक टक्के छिद्रंच. ही छिद्रं वजनात, हार्डनेसमधे, झिजेत सगळीकडे ढवळाढवळ करतात.

पिना स्वतः बनवणार असाल तर लोखंडाच्या पावडरीत निकेल, कॉपर, मॉलिब्डेनम, ०.५ ते ०.८ टक्के ग्राफाइट आणि ल्युब्रिकंट म्हणून थोडं झिंक स्टिअरेट, ६०० मेगापास्कलच्या आसपास दाब, आधी ल्युब्रिकंट जाळून घ्यायचं मग ११२० डिग्रीला अर्धा तास, नायट्रोजन-हायड्रोजनमधे. उघड्या मफल फर्नेसमधे (आत साधी हवा असलेली भट्टी) अजिबात नको, लोखंड ऑक्साइड होतं आणि कार्बन जळून जातो, मग हातात राहतं ते अलॉय स्टील नाहीच.

डेन्सिटी पाण्यात तोलून काढताना पिन आधी तेल मुरवून किंवा मेण लावून सील करा, नाहीतर पाणी छिद्रांत शिरतं आणि डेन्सिटी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ही पिन वेगळी ठेवा, वेअरला वापरू नका.

हार्डनेस दोन प्रकारे घ्या. रॉकवेल छिद्रांसकट सगळं दाबतं, मायक्रो-व्हिकर्स (अगदी बारीक ठसा उमटवून) फक्त धातू मोजतं, आणि निकेलवाल्या पावडरीत परलाइट, बेनाइट, मार्टेन्साइट, निकेल जास्त असलेले मऊ पट्टे अशा स्टीलच्या कमी-जास्त कडक रचना, सगळं शेजारी शेजारी सापडतं म्हणून एका ठशावर थांबू नका, वेगवेगळ्या जागी भरपूर ठसे घ्या. रॉकवेल सारखं आलं म्हणून झीजही सारखी येईल असं समजू नका, रिपोर्टमधे माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आता साफसफाई, हिला कंटाळू नका. पिन घासताना तेलवालं कूलंट वापरू नका, ते आत मुरतं. ६०० मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग अल्ट्रासॉनिकमधे ॲसिटोन, ॲसिटोन पूर्ण उडू द्या (ओली पिन ओव्हनमधे टाकली तर आग लागेल, खरंच), मग ११० डिग्रीला तासभर, डेसिकेटरमधे (ओलावा शोषणारं बंद भांडं) थंड करून ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर वजन. परत गरम करून परत वजन, दोनदा तेच आलं तरच वहीत लिहा.

टेस्टला डिस्क ईएन-३१ ची (बेअरिंगचं कडक स्टील), ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी हार्डनेस) आसपास. समजा पिन ८ मिमी, लोड ३० न्यूटन, ट्रॅक ८० मिमी व्यासाचा आणि वेग १ मीटर प्रति सेकंद हवा, तर आरपीएम २३९ येतो आणि १००० मीटर व्हायला १६ मिनिटं ४० सेकंद लागतात. प्रत्येक मालाच्या तीन पिना तरी चालवा. आणि आपल्याकडे मे महिन्यात लॅब भट्टीसारखी कोरडी तापलेली असते, ऑगस्टमधे हवा दमट, कोरड्या घर्षणात स्टीलवर ऑक्साइडचा थर कसा धरतो ते हवेवर अवलंबून असतं, म्हणून अर्ध्या पिना उन्हाळ्यात आणि अर्ध्या पावसाळ्यात असं करू नका, सलग उरकून घ्या आणि तापमान, ह्युमिडिटी रोज लिहा.

डिस्क पुसायच्या आधी चुरा बघा. तांबूस-तपकिरी बारीक भुकटी असेल तर ऑक्साइडवाली हळू झीज, चमकदार धातूच्या पापड्या असतील तर जोरदार झीज सुरू झालीये, आणि लोड वाढवत नेला की एका टप्प्यावर हा बदल होतो, तो टप्पा पकडला तर प्रोजेक्टला खरी किंमत येते.

चुरा छिद्रांत भरून बसतो, त्यामुळे वजन कमी घटलेलं दिसतं. म्हणून लांबी किती घटली तेही मायक्रोमीटरने मोजा, पिन थंड झाल्यावर. हिशोब असा: १२ मिलिग्रॅम घट, डेन्सिटी ७.० (तुम्ही मोजलेली घ्या, ७.८५ नाही), म्हणजे १.७१ घन मिमी, त्याला ३० न्यूटन गुणिले १००० मीटरने भागलं की ०.००००५७ घन मिमी प्रति न्यूटन-मीटर, हाच झिजेचा दर.

वेळ असेल तर काही पिना ५५० डिग्रीच्या आसपास स्टीम ट्रीटमेंट करून आणा, मॅग्नेटाइट (वाफेमुळे तयार होणारा लोखंडाचा काळा ऑक्साइड) छिद्रांत भरतो, हार्डनेस वाढतो आणि कोरडी झीज बहुतेक वेळा चांगली कमी होते, ठिसूळपणा मात्र वाढतो. शेवटी झिजलेली पिन उभी कापा, पॉलिश करा, घासलेल्या तोंडाच्या जरा खाली मायक्रोस्कोप लावा, पापड्यांवाली झीज असेल तर एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात गेलेले तडे तिथे सापडतील, तो फोटो ग्राफच्या शेजारीच लावा.