लीचेटचा अंदाज बांधायला बसण्याआधी

लीचेट म्हणजे कचरा भरावाच्या जागेत कचऱ्यातून झिरपून खाली येणारं घाण पाणी. त्याच्या अंदाजासाठी नकाशा, क्षेत्रफळ, उतार हे सगळे घेतातच. पाऊस मात्र रोजचा घ्या. महिन्याच्या सरासरीत मुसळधार पावसाचा एखादा दिवस दिसेनासा होतो. लीचेटची टाकी कागदावर पुरते आणि प्रत्यक्षात भरून वाहते.

आता मुख्य गोष्ट. कुठला सेल (कचरा भरायचा कप्पा) कधी उघडला, किती क्षेत्र उघडं होतं, मधलं आणि अंतिम आच्छादन कधी पडलं, याच्या तारखा. मागच्या खेपेला याच राहिल्या, पावसाचा किती भाग आत मुरतो याचा सगळ्या जागेला एकच गुणांक लागला आणि हिशेब मुळातच चुकला. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. उघड्या कचऱ्यावर पडलेलं बहुतेक आत मुरतं; उतार दिलेल्या, गवत धरलेल्या अंतिम आच्छादनावरचं बरंचसं वाहून तरी जातं नाहीतर वाफ होऊन उडतं. तेव्हा तारखा आधी, मॉडेल नंतर. आणि तोंडी तारखा घेऊ नका. नोंदवही, मोजणीचे नकाशे, वजनकाट्याच्या पावत्या ताडून बघा.

कचऱ्याचा मूळ ओलावाही हवा. कोरडा कचरा आधी स्वतः पाणी धरून ठेवतो, त्यामुळे लीचेट उशिरा येतं. ओला सुरुवातीपासूनच पाझरतो.

लीचेटमध्ये काय असेल, तेही तारखाच सांगतात. नव्या सेलमध्ये आम्लाचा टप्पा: सामू (pH) 7 च्या खाली, सीओडी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला हजारो मिलिग्रॅम, बीओडी (त्यातल्या जिवाणूंना खाता येणाऱ्या घाणीचं माप) बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहून जास्त. मिथेन जोमात तयार होऊ लागला की सामू 7 च्या वर जातो, बीओडी कोसळतो, अमोनिया मात्र वर्षानुवर्षं हटत नाही. नव्या आणि जुन्या, दोन्ही सेलचं लीचेट एकाच पाइपात येत असेल तर तो नमुना ना नव्याचा ना जुन्याचा. म्हणून बाटलीवर सेलचा क्रमांक आणि वय लिहाच. लिहाच!

नमुना संपमधून (लीचेट गोळा होण्याच्या खड्ड्यातून) घ्या, उघड्या तळ्यातून नको. तिथे पावसाचं पाणी मिसळलेलं असतं. सामू जागेवरच मोजा, कार्बन डायऑक्साइड निसटला की तो चढतो. अमोनिया-सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल, बीओडीच्या बाटलीत थेंबही नाही. सगळ्या बाटल्या बर्फात.

प्रवाहासाठी मीटर लावा. पंपाचे तास गुणिले पाटीवरची क्षमता चालत नाही, आत क्षारांचा थर बसला की क्षमता घटते.

जागा बंद झाल्यावर प्रवाह घटतो, थांबत नाही. मोजणी चालू ठेवा, दरवर्षी अंदाज ताडा. त्याआधी तारखांचा तक्ता अद्ययावत करा.